पॅरिसच्या ड्रेसचं रेखाचित्र कसं वाचावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शिवण शिकवते. दर वर्षी वर्गात कुणीतरी मोबाइलवर एखादं जुनं फ्रेंच चित्र घेऊन येतं. मुठीत मावेल अशी कंबर, घंटेसारखा घेर, लांब हातमोजे, तिरकी टोपी. "ताई, हे शिवता येईल का?" या एका प्रश्नातून पुढचे सगळे प्रश्न निघतात, म्हणून ते एकदा नीट लिहून काढले. उत्तरं मुख्यतः पॅरिसचे ड्रेस डिझायनर ख्रिश्चन डिओर यांच्या १९४७ ते १९५७ या दहा वर्षांभोवती फिरतात. त्या काळात पॅरिसमध्ये ड्रेसचा जन्म कागदावर कसा व्हायचा हे त्यांच्याकडे सगळ्यात स्वच्छ दिसतं, आणि माझा जीवही तिथेच जास्त रमतो.

हे चित्र आहे की आराखडा?

आराखडा म्हणावं तर त्यात मापं नसतात. चित्र म्हणावं तर त्यात चेहरा नसतो, पाय अर्धवट सुटलेले असतात, मागे खोली नाही की झाड नाही. मी त्याला चिठ्ठी म्हणते, काढणाऱ्याने शिवणाऱ्याला लिहिलेली. खांदा किती उतरायचा, कंबर कुठे धरायची, घेर कुठून सुटायचा, वजन कुठे पडायचं, एवढंच तिच्यात असतं. बाकी सगळं शिवणाऱ्याच्या हाताला ठाऊक आहे असं गृहीत धरलेलं असतं. ज्याच्यासाठी चिठ्ठी लिहिली त्याच्या नजरेने ती वाचली, तर सुंदर दिसणारी प्रत्येक रेष काहीतरी काम सांगत असते.

१९४७ पासूनच का सुरुवात करायची?

१२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये ३०, अव्हेन्यू माँतेन या पत्त्यावर डिओर यांनी आपल्या नावाने पहिलं कलेक्शन दाखवलं. कापडाचे मोठे कारखानदार मार्सेल बुसाक यांनी पैसा घातला होता. युद्धाच्या वर्षांत बायकांचे कपडे चौकोनी खांद्यांचे, आखूड आणि काटकसरीचे झाले होते. इथे एकदम गोल उतरते खांदे, बारीक कंबर आणि पोटरीपर्यंत भरघोस घेर आला. त्यातल्या एका रेषेचं नावच 'कोरोल' होतं, म्हणजे फुलाच्या पाकळ्यांचा उमललेला घेर. 'हार्पर्स बझार'च्या संपादक कार्मेल स्नो त्याला 'न्यू लुक' म्हणाल्या आणि तेच नाव चिकटलं.

यानंतर दर हंगामात डिओर बाह्यरेषेला नवं नाव देत गेले. १९५४ मध्ये एच, १९५५ च्या वसंतात ए, त्याच वर्षी पुढच्या हंगामात वाय. अख्ख्या हंगामाचं म्हणणं एका अक्षरात मांडता येतं, यावरूनच कळतं की हा माणूस रेषेत विचार करणारा होता.

डिओर स्वतः चित्रं काढत होते का?

हो, त्यांची फॅशनमधली सुरुवातच तिथून झाली. आधी ते पॅरिसमध्ये चित्रांची गॅलरी चालवत. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला वडिलांचा धंदा बुडाला, गॅलरी गेली, आजारपण आलं. मग त्यांनी पोटासाठी ड्रेसची आणि टोप्यांची स्केचेस काढून फॅशन हाउसना आणि वर्तमानपत्रांना विकायला सुरुवात केली. टोप्यांची चित्रं ड्रेसपेक्षा चांगली खपायची, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १९३८ मध्ये रोबेर पिगे यांनी त्यांना नोकरीवर घेतलं, त्यानंतर ल्यूसियां लेलाँ यांच्याकडे काम मिळालं. स्वतःचं फॅशन हाउस उघडलं तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. उशीर झाला असं वाटणाऱ्या माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला मी हे वय सांगते.

कलेक्शनच्या आधी ते गावाकडच्या घरी जाऊन बसत आणि जिथे सुचेल तिथे खरडत. अंथरुणात, आंघोळीच्या टबात, जेवणाच्या टेबलावर. कित्येक दिवस नुसते रेघोट्यांचे कागद साठायचे. मग एखादी रेघोटी अचानक पकड घ्यायची, आणि तिच्याच भोवती एकामागून एक चित्रं निघायची.

मग कागदावरून ड्रेस कसा तयार होतो?

या प्रश्नाचं उत्तर लांब आहे आणि मला ते लांबच ठेवायचंय.

डिओर यांच्याकडे चित्रांची थप्पी शिवणघरांच्या प्रमुखांपुढे ठेवली जायची. शिवणघरं दोन प्रकारची. एकात मऊ, झुळझुळीत, पडणारे कपडे होत, दुसऱ्यात कोट-जॅकेटसारखं ताठ टेलरकाम. या दुसऱ्या प्रकारच्या शिवणघरात १९४७ मध्ये एक तरुण काम करत होता, तो म्हणजे पुढे स्वतः डिझायनर म्हणून गाजलेला पिएर कार्दें. सगळ्यांच्या वर तांत्रिक बाजू बघायला मार्गरीत कारे होत्या. कागदावरची रेष कापडात उतरवणं हे त्यांचं काम.

प्रमुख बाई चित्र निवडायची आणि आधी 'टॉयल' करायची. टॉयल म्हणजे साध्या पांढऱ्या सुती कापडात शिवलेला कच्चा नमुना. आपल्याकडे त्याला मांजरपाट उत्तम. रंग नाही, चमक नाही, भरतकाम नाही. डोळ्याला भुलवणारं काहीच नसल्यामुळे रेषेतली चूक लगेच उघडी पडते. टॉयल मॉडेलच्या अंगावर चढवून डिओर समोर बसत, हातातल्या काठीने दाखवत, टाचण्या काढायला-घालायला सांगत. बऱ्याच टॉयल तिथेच बाद व्हायच्या. ज्या टिकायच्या त्यांनाच खरं कापड मिळायचं.

मी एकदा वर्गात 'बार' सूटसारखं जॅकेट मांजरपाटात करून पाहिलं. 'बार' हा १९४७ च्या त्या पहिल्या शोमधला सगळ्यात गाजलेला पोशाख. सायीच्या रंगाचं शांटुंग सिल्कचं जॅकेट आणि खाली काळा लोकरी प्लीट्सचा घेर. चित्रात कंबर इतकी बारीक दिसते की आम्ही पहिल्यांदा टक्स खोल खोल घेत गेलो. डमीचा श्वास कोंडेल एवढे. तरी चित्रातलं रूप येईना. कमरेखालचा जॅकेटचा भाग ओल्या कागदासारखा खाली बसला होता. शेवटी आतून नितंबांच्या दोन्ही बाजूंना भरणीचे थर दिले, खालचा थर मोठा, वरचा लहान, कडा विरळ केलेल्या, वरून दिसू नयेत म्हणून. कड बाहेर झेपावली आणि त्याच क्षणी कंबर बारीक दिसायला लागली. टेप लावून मोजली तर कंबर आधीपेक्षा अर्धा इंच सैलच होती, कारण मधल्या काळात आम्ही टक्स सोडवले होते. मूळ जॅकेटलाही आतून अशीच भरणी आहे.

कंबर बारीक करायची तर नितंब वाढवायचे आणि खांदा मऊ करायचा, हे त्या चित्रात पहिल्यापासून होतं. आम्ही फक्त कमरेचीच रेष वाचत होतो.

चित्रातली बाई इतकी उंच का असते?

माणसाची उंची साधारण त्याच्या डोक्याच्या साडेसातपट असते. फॅशनच्या रेखाचित्रात ती नऊपट, कधी त्याहूनही जास्त धरतात, आणि वाढवलेली लांबी जवळजवळ सगळी पायांत जाते. धड फारसं ताणत नाहीत, कारण बेतणी धडावर अवलंबून असते. लांब पायांमुळे घेराला उतरायला जागा मिळते आणि तो कसा पडणार हे स्पष्ट दिसतं.

याचा तोटाही खरा आहे. चित्र पाहून मोहात पडलेली आणि पाच फूट उंचीची मुलगी तोच घेर तिथूनच सोडते आणि नाराज होते. तिच्यासाठी कमरेची रेष बोटभर वर घ्यावी लागते. चित्रातलं प्रमाण आपल्या अंगावर पुन्हा मांडावं लागतं, जसंच्या तसं उचलून चालत नाही.

ही चित्रं कशाने काढत?

पेन्सिल, शाई, जलरंग आणि गुवाश. गुवाश म्हणजे अपारदर्शक जलरंग, आपल्याकडे पोस्टर कलर ओळखीचा आहे त्याच्या जवळचा, पण बारीक आणि मखमली. रंगीत कागदावर पांढरा गुवाश लावला की साटिनची चमक दोन फटकाऱ्यांत येते. टूल, म्हणजे आपली नेट, दाखवायची असेल तर कोरड्या ब्रशने कागद नुसता घासतात.

घाईच्या स्केचला मात्र एक मऊ पेन्सिल पुरते. डिओर यांची बरीच कामाची चित्रं अशीच आहेत, चेहरा नसलेली आणि भरभर काढलेली. चित्रकलेच्या परीक्षेत त्यांना किती गुण मिळाले असते कोण जाणे, पण शिवणाऱ्याला त्यातून सगळं कळतं.

कडेला लिहिलेलं आणि टाचलेलं काय असतं?

माझ्या मते कागदाचा सगळ्यात मौल्यवान भाग तोच. शिवणघरात फिरलेल्या कागदावर ड्रेसचा क्रमांक, कोणत्या प्रमुखाकडे काम दिलं तिचं नाव, ड्रेस कोणती मॉडेल घालणार तिचं नाव, कापडाचं नाव आणि पुरवठादार अशा नोंदी सापडतात. कोपऱ्यात कापडाचा तुकडा टाचलेला किंवा चिकटवलेला असतो, तो कात्रीने कापला की कडा दातेरी दिसतात, झिगझॅग कात्री असेल तर.

तुकडा गळून पडला असेल तरी टाचणीची दोन भोकं आणि गंजाचा डाग राहतो. फ्रेम करून देणारे लोक कधीकधी हे 'स्वच्छ' करून देऊ का विचारतात. करू देऊ नका.

सगळेच मोठे डिझायनर आधी चित्र काढत होते का?

नाही. क्रिस्तोबाल बालेन्सियागा हे स्पेनच्या बास्क भागातले, लहानपणापासून टेलरकाम शिकलेले. ते स्वतः बेतत, कापत, शिवत आणि बाही जमली नाही तर उसवून पुन्हा लावत. त्यांची सुरुवात कापडापासून व्हायची, कागदावरची चित्रं त्यांच्या फॅशन हाउसमधले चित्रकार काढत. मादलेन व्हिओने एका छोट्या लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून बघत, त्यातूनच उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या कापडाच्या त्यांच्या अंगासरशी उतरणाऱ्या ड्रेसचा जन्म झाला. मादाम ग्रे यांना तर मूर्तिकार व्हायचं होतं. त्या जर्सीच्या चुण्या थेट अंगावर बसवत.

म्हणून "मला चित्र येत नाही, मग मी डिझायनर कशी होणार?" असं विचारणाऱ्यांना मी ही तीन नावं सांगते. कापड हातात धरून विचार करणारे लोक असतात आणि कागदावर विचार करणारे असतात. डिओर दुसऱ्या जातीचे.

रेने ग्रुओ यांची चित्रं याच प्रकारात येतात का?

हा घोळ फार जणांचा होतो. ग्रुओ इटलीत रिमिनीला जन्मले, पॅरिसमध्ये गाजले. काळी जाड वळणदार रेष, एक लाल ठिपका आणि बाकी कोरा कागद ही त्यांची ओळख. १९४७ मधल्या 'मिस डिओर' अत्तराच्या जाहिरातीपासून त्यांनी डिओर यांच्यासाठी खूप काम केलं. पण त्यांनी काढलेला ड्रेस आधी शिवून झालेला असायचा. ते चित्र वाचकाला आणि गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी होतं.

डिझायनरचं स्केच ड्रेसच्या आधी येतं, इलस्ट्रेशन नंतर. तुमच्या हातातलं चित्र कोणतं हे ओळखायला एक साधी खूण: शिवणी, टक्स, बटणं कुठे हे नीट कळत असेल आणि चेहरा उडवून लावला असेल, तर ते बहुधा कामाचं स्केच. नजर, ओठ, बाईचा तोरा यांवर जीव ओतलेला असेल तर इलस्ट्रेशन.

नुसत्या चित्रावर कुणाचं नशीब उघडलं का?

१९५४ मध्ये आंतरराष्ट्रीय लोकर सचिवालयाने पॅरिसमध्ये स्पर्धा घेतली होती, स्केच पाठवायची. ड्रेसच्या गटात पहिला आला अल्जीरियातल्या ओरानचा अठरा वर्षांचा मुलगा, ईव सां लोराँ. कोटाच्या गटात कार्ल लागरफेल्ड. लागरफेल्डना पिएर बालमाँ यांच्याकडे काम मिळालं. सां लोराँची पुढची चित्रं फ्रेंच 'व्होग'चे संपादक मिशेल द ब्रूनॉफ यांनी पाहिली आणि ते चकित झाले, कारण ती डिओर यांच्या ए-लाइनशी फार जुळणारी होती. त्यांनी पोराला डिओरकडे नेलं. १९५५ मध्ये तो तिथे रुजू झाला. २४ ऑक्टोबर १९५७ रोजी डिओर इटलीत अचानक गेले, आणि त्या एवढ्या मोठ्या फॅशन हाउसची जबाबदारी या एकवीस वर्षांच्या मुलावर आली.

'न्यू लुक'ला लागणाऱ्या एवढ्या कापडाबद्दल लोकांनी तक्रार केली नाही?

केली, आणि ती रास्त होती. ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग जून १९४१ ते मार्च १९४९ पर्यंत होतं. कुपनं मोजून कापड घेणाऱ्या बाईसमोर एकेका घेरात अनेक वार कापड म्हणजे चीड येणारच. व्यापार खात्याचे मंत्री स्टॅफर्ड क्रिप्स यांनीही नापसंती दाखवली होती. हेच क्रिप्स १९४२ मध्ये आपल्याकडे योजना घेऊन आले होते. अमेरिकेत लांब स्कर्टविरुद्ध बायकांचे क्लब निघाले. मला दोन्ही बाजू कळतात. काटकसरीत तरुणपण गेलेल्या बाईला भरपूर कापडाची ओढ लागणंही माणसासारखंच आहे.

चित्रं चोरली जात का?

सर्रास. शोमध्ये प्रेक्षकांना स्केच काढायला मनाई असे, म्हणून नक्कल करणारे लोक ड्रेस डोक्यात साठवत आणि बाहेर पडल्यावर भराभर कागदावर उतरवत. अधिकृत मार्गही होता. परदेशी खरेदीदार पैसे भरून मूळ ड्रेस किंवा टॉयल विकत घेत आणि आपल्या देशात बनवत. घरी शिवणाऱ्या बायकांसाठी 'व्होग'ने १९४९ पासून पॅरिसच्या डिझायनरांचे अधिकृत पेपर पॅटर्न काढले.

आपल्याकडे त्या काळात असं कुणी काढत होतं का?

हो, आणि ते नाव कोल्हापूरचं आहे. भानुमती राजोपाध्ये, म्हणजे भानू अथैया. जन्म १९२९. वडील अण्णासाहेब चित्रकार, बाबूराव पेंटरांसोबत काम केलेले. भानूताई मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या १९५३ च्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती, आणि त्याच सुमारास 'ईव्हज वीकली' या साप्ताहिकासाठी त्या फॅशनची रेखाचित्रं काढत होत्या. पुढे त्यांनी काढलेले कपडे प्रत्यक्ष शिवले जाऊ लागले आणि त्या 'सी.आय.डी.' (१९५६) पासून हिंदी सिनेमाच्या वेशभूषाकार म्हणून स्थिरावल्या. 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासह १९८३ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं.

सगळ्यांना ते ऑस्कर आठवतं. मला मात्र पॅरिसमध्ये डिओर होते त्याच वर्षांत मुंबईत साप्ताहिकाच्या पानासाठी गाउन आणि साडीचा झोक रेषेत पकडणारी पंचविशीतली मुलगी जास्त जवळची वाटते.

घरात जुनं स्केच सापडलं तर ते कसं जपायचं?

आधी कपाटाबाहेर काढा. लाकडी कपाटातला आम्ल वास आणि पावसाळ्यातली ओल कागदाला मारते, त्यात मुंबई-कोकणात कसर लागते ती वेगळीच. आम्लरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा, गुंडाळी करू नका, कारण गुवाशला भेगा पडून तो पापुद्र्यासारखा निघतो. सेलोटेप आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. फ्रेम करायची असेल तर काच चित्राला टेकू देऊ नका आणि उन्हासमोरची भिंत टाळा. टाचणी गंजली असेल तर ओढून काढण्याआधी कागद-संवर्धन करणाऱ्या माणसाला दाखवा.

अशी चित्रं काढायला शिकायचं असेल तर कुठून सुरू करू?

गळ्याच्या खळगीतून एक सरळ उभी रेष खाली सोडा. ज्या पायावर वजन आहे त्याची टाच त्या रेषेवर आली पाहिजे, नाहीतर बाई पडेल. एवढं जमलं की खांदा आणि नितंब यांच्या रेषा एकमेकींच्या उलट कलवा. मग नऊ डोक्यांची उंची मोजून घ्या. चेहरा काढू नका, सहा महिने तरी.

आणि काढलेलं प्रत्येक चित्र एकदा मांजरपाटात शिवा. निदान बाहुलीच्या मापात. युद्ध संपत आलं तेव्हा पॅरिसच्या डिझायनरांनीही हेच केलं होतं. कापडाची टंचाई होती, म्हणून १९४५ मध्ये त्यांनी सुमारे ७० सेंटिमीटर उंचीच्या तारेच्या बाहुल्यांवर खऱ्याखुऱ्या बटणांचे, खऱ्या अस्तराचे कपडे शिवून लूव्हरच्या इमारतीत प्रदर्शन भरवलं.

मूळ चित्रं आणि कपडे कुठे बघायला मिळतील?

पॅरिसमध्ये पाले गालिएरा आणि डिओर यांचं स्वतःचं दालन, नॉर्मंडीत ग्रानव्हिलला त्यांच्या लहानपणच्या घरातलं संग्रहालय, लंडनमध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, न्यूयॉर्कमध्ये मेट, म्हणजे मेट्रोपॉलिटन संग्रहालय. तारेच्या त्या बाहुल्या आता अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयात आहेत. बऱ्याच संग्रहालयांनी आपले फोटो संकेतस्थळावर ठेवले आहेत. तिथे ड्रेसचा फोटो उघडलात तर पाठीकडचा फोटोही बघा, आणि आतल्या बाजूचा दिलेला असेल तर तो सगळ्यात आधी.